कॉमेडियन जालन्यात मुक्कामाला आला तर?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय कॉमेडीचा आहे, पण अर्धा एपिसोड हिशोबाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. इंजिनिअर माणूस, आकडे आल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

प्रश्न असा आहे. स्टँडअप कॉमेडियन टूर करतात, हे तुम्हाला माहितीये. शुक्रवारी पुणे, शनिवारी नाशिक, रविवारी संभाजीनगर. एका गावात एक रात्र, माइक, स्टूल, पाण्याची बाटली, दीड तास, आणि पुढच्या गावाला. आता समजा हाच माणूस एका गावात, एकाच नाट्यगृहात, ठरवून तीन दिवस किंवा आठवडाभर राहिला, तर? नाटकासारखे प्रयोग लावले, "एवढेच प्रयोग, नंतर नाही" असं सांगून, तर ते चालेल का? आणि मला खरा इंटरेस्ट आहे तो यात, की ते आपल्या जालन्यात चालेल का?

हा प्रश्न हवेतला नाही. मी आणि माझे तीन मित्र मिळून असा एक तीन रात्रींचा कार्यक्रम जालन्यात लावायचा विचार करतोय, स्वतःच्या पगारातल्या पैशांवर. एकाच्या घरी यावरून जोरदार चर्चा झाली. "एवढ्या पैशात दारात नवी मोटरसायकल उभी राहते," असं काका म्हणाले. काकांचं चूक नाहीये. म्हणून आज सगळा विचार तुमच्यासमोर मांडतो, शेवटी काय ठरवलं तेही सांगतो.

आधी बाहेर काय चालतं ते बघू

स्कॉटलंडमध्ये एडिनबरा शहरात दर ऑगस्टमध्ये 'फ्रिंज' नावाचा महोत्सव होतो. १९४७ पासून चालू आहे. तिथं कॉमेडियन जवळजवळ पूर्ण महिना एकाच छोट्या हॉलमध्ये, रोज ठरलेल्या वेळेला, तोच एक तासाचा कार्यक्रम करतात. कधी दहा माणसं असतात, कधी हाउसफुल्ल. पण रोज करून करून तो तास घासला जातो. २०१३ मध्ये फीबी वॉलर-ब्रिजचा 'फ्लीबॅग' तिथं असाच एकटीचा प्रयोग होता. ती सिरीज तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मोबाइलवर बघितली असेल.

अमेरिकेत ब्रॉडवेवर, म्हणजे जिथं मोठी नाटकं लागतात तिथं, आता कॉमेडियनसुद्धा ठरावीक आठवड्यांसाठी थिएटर घेतात. माइक बर्बिग्लियाने २०१८ मध्ये 'द न्यू वन' केलं. ॲलेक्स एडेलमनने २०२३ मध्ये 'जस्ट फॉर अस' केलं आणि पुढच्या वर्षी त्याला टोनी पुरस्कारांमध्ये विशेष पुरस्कार मिळाला. हे स्टँडअपच आहे, पण सुटे विनोद नाहीत. सुरुवात, मध्य, शेवट असलेली एक अख्खी गोष्ट. ॲलेक्सच्या मागं तर नाटकाचा दिग्दर्शक होता.

म्हणजे जगात हे चालतं. पण न्यूयॉर्कमध्ये रोज नवा प्रेक्षक येतो, पर्यटक येतो. एडिनबरात ऑगस्टमध्ये जगभरातून लोक येतात. जालन्यात ऑगस्टमध्ये कोण येतं? पोळ्याला माहेरवाशिणी येतात. त्यामुळे तिथलं उचलून इथं चिकटवता येणार नाही.

मराठीत हा प्रश्न आधीच सुटलाय

मराठीत हे काम साठ वर्षांपूर्वी झालंय. पु. ल. देशपांड्यांचं 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ चं. १९६१ मध्ये त्यांनी ते स्टेजवर आणलं. एकटा माणूस, अख्खी चाळ. तिकीट लावून, नाट्यगृहात. आज आपण ज्याला 'कॉमेडी स्पेशल' म्हणतो, ते आणखी काय असतं?

आणि मराठवाड्याचं उदाहरण तर आपल्या घरातलं. प्रा. लक्ष्मण देशपांडे, आपल्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. एक माणूस, ५२ पात्रं, तीन तासांच्या आसपासचा प्रयोग, आणि भाषा आपली. शहरी मराठीची भीड न बाळगता. गिनीज बुकात नाव गेलं, परदेशात प्रयोग झाले. २००९ मध्ये सर गेले. नंतर संदीप पाठक यांनी तोच प्रयोग पुन्हा उभा केला आणि लोक पुन्हा आले.

इथं थांबा जरा, कारण माझ्या पूर्ण मुद्द्याचा खिळा इथं आहे. 'वऱ्हाड' च्या कॅसेट घरोघर होत्या. लोकांना वाक्यं पाठ होती. विमानतळावर काय होणार, कोण काय बोलणार, सगळं माहिती. तरी लोक तिकीट काढून गेले. उलट पाठ होतं म्हणूनच गेले.

स्टँडअपचं याच्या उलट आहे. कॉमेडियनला सगळ्यात मोठी भीती कशाची? क्लिप व्हायरल होण्याची. म्हणजे व्हायरल व्हावी म्हणूनच तो धडपडत असतो, पण एकदा ती पंचलाइन रीलवर गेली की स्टेजवर मेली. प्रेक्षकातून कोणीतरी आधीच ओरडून सांगतो. दोन्ही एकट्या माणसाचे विनोदी कार्यक्रम, मग एवढा फरक का?

माझं म्हणणं असं. सुटा विनोद म्हणजे कोडं. उत्तर कळलं की संपलं. पात्र असलेली गोष्ट म्हणजे ओळखीचा माणूस. त्याला आपण पुन्हा भेटतो, आणि तो काय बोलणार हे माहिती असतं म्हणूनच भेटायला मजा येते. तुमच्या मामाचा तोच किस्सा तुम्ही दर लग्नात ऐकता की नाही? आणि नवीन जावयाला पुढं बसवून म्हणता, "मामा, तो एसटीचा किस्सा सांगा ना."

एका रात्रीच्या टूरला कोडं चालून जातं. एका गावात तीन रात्री राहायचं असेल तर ओळखीचा माणूस लागतो, कारण दुसऱ्या रात्रीचा प्रेक्षक पहिल्या रात्रीचं ऐकूनच येणार आहे.

"मोजकेच प्रयोग" आणि "मुक्काम"

आता 'ठरावीक प्रयोग' या भागाकडे येऊ. हाही मराठी रंगभूमीला नवीन नाही. २०१० च्या सुमारास सुनील बर्वे यांनी 'हर्बेरियम' नावाचा उपक्रम केला. जुनी गाजलेली पाच नाटकं, प्रत्येकाचे फक्त २५ प्रयोग. 'सूर्याची पिल्ले', 'हमीदाबाईची कोठी', 'झोपी गेलेला जागा झाला' वगैरे. २५ झाले की बंद. "नंतर बघू" म्हणायची सोयच ठेवली नाही. आपण मराठी माणसं "नंतर बघू" मध्ये जगात एक नंबर, त्यामुळे हा आकडा फार महत्त्वाचा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे २५ प्रयोग काही एका थिएटरात सलग नाहीत. मराठी नाटक स्वतःच टूरवर असतं. आज दादरला शिवाजी मंदिर, उद्या ठाण्याला गडकरी, परवा पुण्याला बालगंधर्व. नाट्यगृहाच्या तारखा वाटून मिळतात, सकाळ, दुपार, रात्र असे वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग. एका संस्थेला सलग आठ दिवस एक हॉल मिळणं अवघड. मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये एक नाटक सलग काही दिवस लागतं, पण तो अपवाद. म्हणजे कॉमेडियन सोडा, आपल्याकडे नाटकवालाही एका गावात थांबत नाही.

पूर्वी थांबायचा. संगीत नाटकांच्या जमान्यात किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी गावोगाव जायच्या आणि 'मुक्काम' करायच्या. शब्द बघा किती छान आहे. ज्याला इंग्रजीत मोठं नाव आहे, त्याला आपल्याकडे साधा शब्द होता, मुक्काम. कंपनी गावात उतरायची, बिऱ्हाड करायची, आणि एक नाटक रोज न लावता आलटून पालटून वेगवेगळी नाटकं लावायची.

आणि गंमत ऐका. जालन्याच्या नाट्यगृहाला नाव कोणाचं आहे? मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. मोठे गायक, संगीतकार. ते गंधर्व नाटक मंडळीत होते. म्हणजे गावोगाव मुक्काम करणाऱ्या कंपनीतल्या माणसाचं नाव आपल्या नाट्यगृहावर आहे, आणि आपण तिथं एका रात्रीच्या पलीकडे विचार करत नाही.

अजून दोन नमुने आपल्या डोळ्यासमोरचे. एक, यात्रेतला तमाशा. मोठ्या यात्रेत फड एकापेक्षा जास्त दिवस राहिला की वग बदलतो. काल बघितलेला माणूस आज पुन्हा तंबूत यावा म्हणून. दुसरा, हरिनाम सप्ताह. सात दिवस, मांडव तोच, समोर बसलेले लोक तेच, पण कीर्तनकार रोज वेगळा. आणि चांगला कीर्तनकार दोन तास लोकांना हसवून हसवून शेवटी डोळ्यात पाणी आणतो, तेही माइक आणि टाळकऱ्यांच्या जोरावर. आपल्या आठही तालुक्यांत, जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठंही जा. एकट्या माणसाला दोन तास ऐकायची सवय लोकांना लावावी लागणार नाही. ती आहेच.

या तिन्हींत एक सूत्र आहे. मोठ्या शहरात कार्यक्रम तोच राहतो आणि प्रेक्षक बदलतो. छोट्या गावात प्रेक्षक तोच राहतो आणि कार्यक्रम बदलावा लागतो. जालना यातलं कुठलं? ना मुंबई, ना खेडं. आपलं मधलंच, आणि मधल्यांचाच हिशोब अवघड असतो.

आता वही काढा

आमच्या अंदाजाचे आकडे सांगतो. हे आमचे गृहीत धरलेले आकडे आहेत, कोणाचे दर नाहीत. तुम्ही तुमच्या गावाचे आकडे टाकून बघा.

समजा हॉलमध्ये ६०० खुर्च्या विकायच्या. तिकीट सरासरी २५० रुपये. एकदाच होणारा खर्च, म्हणजे येणं-जाणं, जाहिरात, बॅनर, साउंड लावणं, ४५ हजार. दर रात्रीचा खर्च, म्हणजे हॉल, लाइट, जनरेटर, राहणं-जेवण, २५ हजार. कलाकाराचं मानधन एका रात्रीसाठी ६० हजार. तीन रात्री दिल्या तर रात्रीला ५०, म्हणजे दीड लाख.

एक रात्र: ४५ अधिक २५ अधिक ६०. एक लाख तीस हजार. भागिले २५०. म्हणजे ५२० तिकिटं विकली तर नुकसान नाही. ६०० पैकी ५२०. पहिल्याच रात्री, गावात त्या कलाकाराचं कोणी काही ऐकलेलं नसताना. अवघड आहे.

तीन रात्री: ४५ अधिक ७५ अधिक १५०. दोन लाख सत्तर हजार. भागिले २५०. १०८० तिकिटं. रात्रीला ३६०. म्हणजे हॉल साधारण साठ टक्के भरला तरी बास.

ऐकायला गोड वाटतं ना? इथंच सावध व्हायचं. रात्रीचं टार्गेट कमी झालं, पण एकूण माणसं दुपटीपेक्षा जास्त लागतात. २०११ च्या जनगणनेत जालना शहर सुमारे २ लाख ८५ हजारांचं होतं. १०८० म्हणजे साधारण २६४ माणसांमागे एक. हे अशक्य नाही. पण आपोआप होणारंही नाही.

आता नीट बघा. समजा शुक्रवारी फक्त २२० लोक आले. एक रात्रीचा शो असता तर तिथंच ७५ हजार गेले, विषय संपला. तीन रात्रींचा असेल तर दोन शक्यता. त्या २२० जणांना आवडलं, त्यांनी रात्री स्टेटस टाकलं, सकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं, तर शनिवारी ४०० आणि रविवारी ५००. बेरीज ११२०. दहा हजार सुटले. फार नाही, पण इज्जत राहिली. दुसरी शक्यता, लोक घरी जाऊन गप्प बसले. मग तिन्ही रात्री २२०-२२०. ६६० तिकिटं, एक लाख पासष्ट हजार आले, एक लाख पाच हजार बुडाले.

म्हणजे सगळा खेळ शुक्रवारी आलेल्या त्या २२० जणांच्या तोंडात आहे.

आणि मला वाटतं आपल्या गावाचा स्वभाव इथं कामाला येतो. आपण आधीपासून तिकीट बुक करणारे लोक नाही. आपण विचारणारे लोक. "कसं होतं?" "बरं होतं का?" "घरच्यांना घेऊन जाण्यासारखं आहे का?" सोयाबीनचं बियाणं घेतानासुद्धा शेजाऱ्याच्या रानात बघून मग घेणारे. एका रात्रीच्या शोमध्ये या विचारण्याचा काही उपयोगच नसतो. "कसं होतं?" "लई भारी होतं." "मग आता?" "आता गेला तो, नांदेडला." संपलं! चर्चा झाली, पण तिला जायला जागाच नाही. मुक्काम केला तर त्या चर्चेला दुसऱ्या दिवशीची खुर्ची मिळते.

टूरवर असलेल्या कॉमेडियनला जालन्यात गर्दी मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांना मी हेच सांगतो. गर्दी आहे, पण ती एक दिवस उशिरा येते.

कलाकाराच्या बाजूने बघू

आता कलाकार म्हणेल, मी तीन रात्री जालन्यात घालवण्यापेक्षा तीन गावं का करू नये? रास्त प्रश्न. झाकीर खानने २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत कार्यक्रम केला. एका रात्रीत हजारो लोक. ज्याला ते जमतं त्याने तेच करावं. मी त्याच्याबद्दल बोलतच नाहीये.

मी बोलतोय मधल्या फळीतल्या मराठी कॉमेडियनबद्दल. २०१६ मध्ये भाडिपा सुरू झालं आणि त्यानंतर मराठी स्टँडअप आपल्या फोनवर आलं. चांगली पोरं-पोरी आहेत. पण बहुतेक मटेरियल पुणे-मुंबईचं. लोकलची गर्दी, आयटी पार्कचं ट्रॅफिक, दुपारी एक ते चार. आपण हसतो, कारण आपण पुण्यात चार वर्षं काढलेली असतात. माझ्या आईला त्यातलं निम्मं लागत नाही. तिचे विषय वेगळे. नळाला पाणी आज येणार की उद्या, आलं तर पहाटे किती वाजता, आणि नेमकं त्याच दिवशी पाहुणे कसे येतात. मोसंबीच्या बागेचं काय झालं. स्टील कंपनीतली पाळी. मुलगा पुण्यात 'कंपनीत' आहे म्हणजे नक्की काय करतो, हे अजून तिला समजलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

एका रात्रीसाठी आलेला कॉमेडियन काय करतो? गाडीतून उतरताना ड्रायव्हरला विचारतो, "तुमच्या गावात काय फेमस?" आणि स्टेजवर येऊन म्हणतो, "जालना! सोन्याचा पाळणा!" टाळी मिळते. पण ती पाहुण्याला दिलेली टाळी असते. तीन दिवस राहिला, सकाळी मामा चौकात फिरला, दुपारी भाजीवालीशी बोलला, तर तिसऱ्या रात्री त्याच्याकडे आपल्या गावाची खरी पाच मिनिटं असतील. ती पाच मिनिटं तो पुढं पुण्यात करेल. आजवर पुण्याचे विनोद जालन्यात आले, एकदा उलटा माल जाऊ द्या की.

आणि प्रॅक्टिसही आहे. तीच गोष्ट, तोच हॉल, तीन रात्री. काय बदललं, कुठं हसले, कुठं नाही, हे स्वच्छ कळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टूरवर हॉल, गाव, साउंड, प्रेक्षक सगळंच रोज बदलतं. मग चूक विनोदात होती की माइकमध्ये, कसं कळणार?

एक अडचणही सांगतो. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्टँडअपवाल्याची संहिता तर रोज रात्री बदलते, त्यातच त्याची मजा. त्यामुळे 'नाट्यप्रयोग' म्हणून जाहिरात करायची तर कागदपत्रांची तयारी आधीपासून लागते. यात घाई चालत नाही.

मग आम्ही काय ठरवलं?

आमचं ठरलंय. तीन रात्री करायच्या. पण अटी आहेत, आणि या अटींसाठीच मी हा एपिसोड केला.

पहिली अट, कार्यक्रम गोष्टीचा हवा. सुटे विनोद जोडलेले नकोत. ज्या कलाकाराशी बोलणं चालू आहे, तिच्याकडे तिच्या आजीच्या गोष्टीवर सव्वा तासाचा प्रयोग आहे. नाव आत्ता सांगत नाही, सही व्हायची आहे. मी तो दोनदा बघितला आणि दुसऱ्यांदा जास्त हसलो. त्याच दिवशी माझं मत पक्कं झालं.

दुसरी अट, तिन्ही रात्री सारख्या नकोत. शुक्रवार आणि शनिवार तोच मुख्य प्रयोग, कारण शुक्रवारच्या लोकांनी सांगितलेलं शनिवारच्या लोकांना मिळालं पाहिजे. रविवारी पहिला अर्धा भाग तोच, दुसरा अर्धा नवा, जालन्यावरचा. म्हणजे तमाशातल्या वगासारखं, शुक्रवारी येऊन गेलेला माणूस रविवारी पुन्हा येऊ शकतो. शुक्रवारचं तिकीट दाखवलं तर रविवारी शंभर रुपये कमी.

तिसरी अट, रोज सुरुवातीची दहा मिनिटं जिल्ह्यातल्या एका पोराला किंवा पोरीला. ही माझी अट आहे आणि यावर मी अडून बसलोय. आज परतूरच्या किंवा भोकरदनच्या एखाद्या मुलीला वाटलं की आपल्याला लोकांना हसवता येतं, तर तिने जायचं कुठं? पुण्याला. खोलीभाडं, मेस, आणि आठवड्यातून एकदा ओपन माइकला पाच मिनिटं. ज्यांच्या घरी पैसे आहेत तेवढेच टिकतात. रील करता येतात, मान्य. पण रीलवर लाइक कळतो. समोरच्या सहाशे लोकांची शांतता तिथं कळत नाही. ती एकदा अनुभवावीच लागते. लक्ष्मण देशपांडे सरांनी मराठवाड्यातच राहून मराठवाड्याच्या भाषेत ते करून दाखवलं. मग इथून कोणी घडत नाही, असं कसं म्हणायचं?

चौथी अट, वेळ. साडेसहाला सुरू, साडेआठच्या आत संपलं पाहिजे. बदनापूर-अंबडकडच्या लोकांना घरी जायचंय. बायका-मुली आल्या पाहिजेत असं वाटत असेल तर त्या घरी कशा आणि किती वाजता पोचणार, हा विचार आयोजकाने करायचा असतो. रात्री साडेनऊला सुरू होणारा शो म्हणजे अर्ध्या गावाला दार बंद.

पाचवी, हंगाम. दिवाळीनंतर आणि लग्नसराईच्या आधी. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आलेले असतात, पोरं पुण्याहून घरी आलेली असतात, आणि हवा थंड असते. उन्हाळ्यात फुकट बोलावलं तरी मी स्वतः येणार नाही.

पैशाचं म्हणाल तर चौघांनी मिळून एक लाख पाच हजार बाजूला काढलेत. वरच्या हिशोबातला तिन्ही रात्री २२०-२२० चा आकडा आठवतोय ना? तेवढेच. ते पूर्ण बुडाले तरी कोणाच्या घरचा हप्ता थांबणार नाही, एवढं बघितलंय. काकांनाही हेच सांगितलं. काका थोडा वेळ शांत बसले आणि म्हणाले, "बरं. मग शनिवारची चार तिकिटं माझी. शुक्रवारी मी येत नसतो. आधी लोकं काय म्हणतात ते बघू."

बघितलंत? पूर्ण एपिसोड मी जे समजावत होतो ते काकांनी एका वाक्यात सांगितलं.

तर मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. टूरवरच्या कॉमेडियनचा शो ठरावीक प्रयोगांचा मुक्काम म्हणून चालू शकतो, आपल्यासारख्या गावातसुद्धा. फक्त तो पुन्हा ऐकावासा वाटणारा हवा, गाव थोडं त्याच्या आत आलेलं हवं, आणि पहिल्या दिवशी रिकाम्या खुर्च्या बघून हबकून न जाण्याची तयारी हवी.

आता तुमचं काम. तुम्ही आठ तालुक्यांपैकी कुठलेही असा, दहा मिनिटांची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. विनोद नको, गोष्ट पाठवा. आजीची, एसटीची, पाण्याच्या टँकरची, कशाचीही. भाषा घरात बोलता तीच ठेवा. पुण्याची करू नका, ती माझ्याकडे भरपूर आहे. आणि तुमच्या गावात अशी तीन रात्रींची गणितं कोणी करून बघितली असतील तर तुमचे आकडे मला सांगा. आमच्या वहीत एक रकाना रिकामा ठेवलाय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, कोणी विचारलं "कसं होतं?", तर खरं सांगा.